न बघितलेला आकडा

सूओवारा, ९ फेब्रुवारी १९८६

ओस्म्या,

घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू आधी तेच धरून चालशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

ऑगस्टमध्ये गेलास तेव्हा पत्ता तू दिला नाहीस, मीच काढला. तिकडे तुझ्याबरोबर खोलीत जो पोरगा राहतो त्याची आई आमच्या दुकानात दूध घ्यायला येते, आणि तिच्या पोटात काही राहत नाही. तर तू समुद्रापलीकडे गोथेनबर्गला मोटारींना दारं बसवतोस, जेवण बरं मिळतं आणि रविवारी दिवसभर लोळत पडतोस, इथपर्यंत मला कळलंय. पळतोस की नाही ते मात्र तिला सांगता येईना.

कामाचं बोलते. जूनमधल्या रात्रीच्या रिलेसाठी, नकाशा बघून जंगलात ठाणी शोधत पळायच्या त्या शर्यतीसाठी, नावं द्यायची वेळ आली. सात गडी लागतात. आपल्याकडे आहेत पाच, आणि त्या पाचांत सुलोसुद्धा धरलाय, म्हणजे तूच बघ. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस, चढ आला की बोरं खात बसतो. सहावी मी. हो, मीच. बायकांना बंदी नाही, नियम मी वाचलाय. सातव्याचा पत्ता नाही.

आपल्या गावाची टीम या शर्यतीत उतरली नाही असं एकही वर्ष तुझ्यामाझ्या जन्मापासून गेलेलं नाही. यंदा जाईल असं दिसतंय, म्हणून लिहिते. तुझी आठवण येते वगैरे काही नाही. गैरसमज नको.

गेल्या जूनचं मी उकरून काढणार नव्हते. पण परवा आईनेच काढलं. गव्हाची कणीक मळता मळता म्हणाली, "एकाच जंगलात पळायचं, तर सगळ्यांना सारखाच नकाशा का देत नाहीत?"

मी म्हटलं, "आई, दुसऱ्याच्या दिव्यामागे आंधळ्यासारखं कोणी पळू नये म्हणून. प्रत्येक टीमची ठाणी थोडी थोडी वेगळी असतात."

"मग ओस्मोने काय केलं होतं?"

"आत येणाऱ्याने पुढच्या गड्याचा नकाशा खिळ्यावरून काढून त्याच्या हातात द्यायचा असतो. त्याने आपल्या टीमचा आकडा न बघता शेजारच्या खिळ्यावरचा काढला."

"आणि तुझ्या बाबांनी घेतला?"

"घेतला."

"डोळे मिटून?"

आई पुन्हा कणकेकडे वळली. बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. ते उठले आणि आधीच फोडून ठेवलेली लाकडं पुन्हा फोडायला अंगणात गेले.

तुझं काय ते कळव. हो की नाही, एवढं लिहिलंस तरी चालेल.

इंकेरी


सूओवारा, ३० मार्च, ईस्टर

ओस्मो,

तुझं कार्ड पोचलं. पूल छान आहे. मागे तू लिहिलेली एकच ओळ आईने आणि मी वाचली: "आकडा बघायची जबाबदारी दोघांची असते."

वा! सात महिन्यांनी तोंड उघडलंस आणि तेही नियम सांगायला. बाप तसा बेटा.

मी काय केलं ते सांगते, मग हवं तर चीड. कार्ड बाबांच्या कॉफीच्या बशीला टेकवून ठेवलं. ते आले, बसले, कार्ड वाचलं. उलटवून पूल बघितला. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "पूल लोखंडी दिसतो." आणि कॉफी प्यायले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, आपल्या घरात तर अजून सुंभसुद्धा जळलेला नाही.

पण एक गोष्ट तुला कळायला हवी. गेल्या शरदापासून बाबांनी नवीनच खूळ काढलंय. दर मंगळवारी अंगणात कपडे वाळवायच्या दोरीवर जुने नकाशे चिमट्यांनी लटकवायचे, आणि आम्ही पाचही जणांनी बर्फातून पळत येऊन आपापला काढायचा, आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि पुढच्याला द्यायचा. घेणाऱ्याने पुन्हा म्हणायचा. मग बाबा स्वतः दिवा धरून तपासणार. कोणाचीही सुटका नाही. सुलो आकडा म्हणतो तो असा लांबवून, की पलीकडच्या घरची बाई खिडकीत येऊन हात जोडते. मी एकदा गंमत म्हणून चुकीचा काढला. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यात नवीन काय, म्हणशील. पण या वेळी मुद्दाम बोलत नव्हते, फरक कळतो.

मला वाटायचं हे सगळं तुला टोमणा म्हणून चाललंय. आता तसं वाटत नाही. कसं वाटतं ते सांगता येत नाही, पण तसं नाही.

गेल्या वर्षी बसमधून उतरताना ते तुला जे बोलले ते मी मागेच उभी राहून ऐकलं होतं. "तुझ्यासारखा माणूस टीममध्ये नसलेला बरा." वाईट बोलले. मी त्यांची बाजू घेत नाही. उभ्या आयुष्यातली त्यांची सगळ्यात चांगली धाव, अन् चुकीच्या नकाशामुळे शेवटी निकालाच्या पाटीवर 'रद्द'. तरीही वाईटच बोलले.

आईने तुझ्या वाटचा मॅम्मी, ईस्टरचा तो काळा गोड राईचा लगदा, बाजूला काढून ठेवलाय. तुला तो आवडत नाही हे तिला ठाऊक आहे. तरी ठेवलाय.

इंकेरी


सूओवारा, ११ मे

ओस्मो,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, तुम्ही दोघं अळीमिळी गुपचिळी करून बसा, मी आहेच दोघांमध्ये टपाल वाहायला.

आज मदर्स डे. आईला कॉफी बिछान्यात नेऊन दिली. "एकच कप?" म्हणाली. दरवर्षी दुसरा तू आणायचास. तुझा फोन येईल म्हणून संध्याकाळपर्यंत तिने मला फोनवर कोणाशी बोलू दिलं नाही. तुझ्या त्या गोथेनबर्गात फोन असतात असं ऐकून आहे.

बाबांचा गुडघा गेलाय. हे मी आधी लिहिणार नव्हते, कारण तू म्हणशील ही बया आता गुडघ्याचं निमित्त करून मला ओढते आहे. तर तसंच समज, मी ओढतेच आहे. बर्फ वितळल्यावर दलदलीत पाय मुरगळला. डॉक्टर म्हणाली, पळणं बंद. बाबा म्हणाले, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी बूट घालून जंगलात. चालतात कमी, लंगडतात जास्त. पण यंदा पळणारच म्हणतात. शेवटचा टप्पा नाही, सहावा.

मी विचारलं, "मग सातवा कोण?"

"येईल."

"कोण येईल?"

"सातवा येईल," म्हणाले, जणू मलाच साधं सरळ वाक्य कळत नाही, असं तोंड करून.

बघ ओस्मो. वीस वर्षं ते सातव्या टप्प्याला पळाले. ती जागा त्यांनी कोणाला दिली नाही, स्वतःचा पाय मोडता मोडता वाचला तेव्हासुद्धा नाही. आता आपणहून रिकामी ठेवली आहे. तोंडानं ते म्हणणार नाहीत. मेले तरी म्हणणार नाहीत. त्यांना येतच नाही ते. पण मला येतं, म्हणून मी म्हणते: ये.

आणि ते पहिल्या पत्रातलं खोटं होतं. येते आठवण. दुकान बंद करून घरी येताना तुझ्या खोलीच्या खिडकीत अंधार दिसतो आणि मला रडू येतं, झालं समाधान?

इंकेरी


सूओवारा, ८ जून

ओस्मो,

शेवटचं लिहिते. शनिवारी, चौदा तारखेला. मैदान मोठ्या तळ्याच्या पश्चिमेला, बस स्टेशनवरून सोडतात. आपला हिरवा तंबू, वर आईने शिवलेलं निशाण, त्यावरचा कोंबडा अजून बदकासारखाच दिसतो. तुझं नाव सातव्या टप्प्याला मी देऊन आले. बाबांना विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही की कोणाचं दिलंस.

सकाळच्या दोरीचं तुला माहीतच आहे. सकाळी ठरल्या वेळी ज्यांचा आधीचा गडी जंगलातून परतलेला नसतो, त्या सगळ्यांना दोरी सोडून एकदम पळायला लावतात. निकाल लागतो, पण हातातून हातात नकाशा जात नाही. बाबांचा गुडघा असा, सुलो तसा. दोरीच्या आधी बाबा येतील असं आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही. मला मात्र एवढंच हवंय. नंबर कितवा का येईना. त्यांनी यावं, आणि नकाशा तुझ्या हातात द्यावा.

तू नाही आलास तर मी सहा जणांची टीम घेऊन परत येईन आणि तुला पुन्हा कधी लिहिणार नाही. हे खोटं आहे. लिहीनच.

इंकेरी


सूओवारा, १७ जून

माझ्या ओस्मो,

पायाला तीन फोड आहेत, एक डोळा डासाने सुजवलाय आणि दुकानात आज मी साखरेच्या जागी मीठ दिलं. पण लिहायलाच हवं. तू शेवटचा टप्पा संपवून बसकडे पळालास. सोमवारची पाळी, बोट सुटायची घाई, सगळं मान्य आहे. पण त्यामुळे अर्धी गोष्ट तुला कळलीच नाही. ती सांगते.

आधी माझं, कारण तू विचारलं नाहीस. तिसरा टप्पा माझा. आपल्याकडची जूनची रात्र म्हणजे नावाचीच रात्र, पण दाट स्प्रूसच्या झाडीत शिरल्यावर माझा कपाळावरचा दिवा मला काजव्याएवढा वाटला. पुढे दिव्यांची रांग चालली होती, वीसेक असतील. वाटलं, चला, लागू या मागे, इतकी माणसं चुकणार आहेत थोडीच. मग मंगळवारची दोरी आठवली, बाबांचा आवाज आठवला. थांबले. नकाशा नाकाजवळ धरला. माझं ठाणं डावीकडे दलदलीपलीकडे होतं आणि ती रांग सरळ चालली होती. एकटीच डावीकडे वळले. ओस्मो, कमरेपर्यंत पाण्यात, एकटी, आणि चहूकडे फक्त डास. मी मोठ्याने बडबडत होते, बाबांना शिव्या देत होते, तुला तर दिल्याच. आणि समोर खडकाच्या कुशीत ठाणं! तिथल्या तिथे हसू फुटलं मला. मग पळत सुटले.

परत आले तर तंबूत तू. आईशेजारी बसून तिने आणलेल्या भात भरलेल्या राईच्या पिराका खात होतास. आई जन्मात पहिल्यांदा शर्यतीला आली होती, "मला काय करायचंय तुमच्या त्या चिखलाशी" म्हणत, आणि पिराका मात्र आणल्या होत्या घरातल्या माणसांच्या दुप्पट. मला बघून तू पहिलं वाक्य बोललास, "किती घाण दिसतेस." दहा महिन्यांनी! मी तुला मिठी मारली ती तुझे कपडे खराब व्हावेत म्हणूनच.

बाबा कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत होते. एका बुटाची नाडी बांधायला त्या माणसाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी दोन वेळा कॉफी केली असती. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, तू त्यांच्याकडे. मग ते आईला म्हणाले, "पोराला आणखी दे," आणि बाहेर गेले. तुला ऐकू गेलं का ते माहीत नाही, तुझं तोंड भरलेलं होतं.

सुलोने पाचवा टप्पा चालतच काढला. परत आला तेव्हा त्याच्या खिशात खरंच बोरं होती, गेल्या वर्षीची, लाल, आंबट, कुठून शोधली देव जाणे. पण आकडा त्याने मोठ्याने म्हटला, बाबांनी त्याच्या हातातला नकाशा दिव्याखाली धरून पारखला आणि मगच निघाले.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ऐक. ऊन वर आलं. बर्चच्या झाडांवर पाखरं नुसती ओरडत होती. कर्ण्यावरून सांगायला लागले, दोरीला आता थोडाच वेळ, ज्यांचे गडी आले नाहीत त्यांनी रांगेत उभं राहा. तू कुंपणाच्या आत उभा होतास. शेजारचे सगळे दोरीकडे सरकले. तू सरकला नाहीस. एका पंचाने तुला खांद्याला धरून हलवलं तर तू म्हणालास, "येताहेत." अगदी त्यांच्यासारखंच, सरळ तोंडानं. मला तेव्हा इतकं भरून आलं की आईने माझ्या हातातून थर्मास काढून घेतला.

आणि आले. झाडीच्या कडेतून, चिखलाने माखलेले, एक पाय ओढत. सुलो असा ओरडायला लागला की आख्खं मैदान वळून बघू लागलं. मैदानातून लंगडत ते खिळ्यांपाशी आले आणि थांबले. लोक ओरडताहेत, कर्णा ओरडतोय, पंच दोरीला हात घालून उभा, आणि आपले बाबा खिळ्यांसमोर उभे, आकड्यावर बोट ठेवून वाचताहेत. मग नकाशा काढला. पुन्हा वाचला. मोठ्याने. मंगळवारी म्हणायचा असतो तस्सा.

तुझ्यापाशी पोचले, नकाशा पुढे केला. तू घेतलास आणि पळालास. बघितलाच नाहीस.

"आकडा बघ रे, गाढवा! आकडा!" वर्षभरातलं त्यांचं तुझ्याशी पहिलं बोलणं. मैदानभर ऐकू गेलं.

तू वळलासुद्धा नाहीस. "तुम्ही आणलाय ना!" एवढं ओरडलास आणि झाडीत नाहीसा झालास. लगेच दोरी सुटली आणि तो सगळा लोंढा तुझ्यामागे धावला.

आता तुला न कळलेली गोष्ट.

बाबा तिथेच उभे राहिले. पंच म्हणाला, "काका, बाजूला व्हा, इथे उभं राहता येत नाही." बाजूला व्हायचं सोडून ते उलटे परत खिळ्यांपाशी गेले, आपला खिळा रिकामा आहे ना हे हाताने चाचपून बघायला. दोघा पंचांनी त्यांना धरून बाहेर आणलं. मी ब्ल्यूबेरीचं गरम सूप पुढे केलं. हातात घेऊन बसून राहिले.

"त्यानं बघितला नाही," म्हणाले.

"नाही बघितला."

"बिनडोक आहे."

"हो बाबा. कोणावर गेलाय?"

ते हसले नाहीत. सूप थंड झालं. मग म्हणाले, "मीही बघितला नव्हता."

"माहीत आहे," मी म्हटलं. "सगळ्यांना माहीत आहे. एक तुम्ही सोडून."

"तुला काही माहीत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ओस्मो, आजीला पुरलं तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आईने डोक्यावरचा रुमाल काढून त्यांच्या तोंडावरचा चिखल पुसला, जरा जोरातच. "एवढं वर्ष घालवलंत," म्हणाली.

मग गुडघा बांधायला त्यांना औषधांच्या तंबूत नेलं. बाहेर यायला उशीर झाला. तोवर तू संपवून, पाटीवर आपल्या गावापुढे नुसता नंबर, 'रद्द' नाही, हे बघून बसमध्ये बसला होतास. बाबा लंगडत बसच्या थांब्यापर्यंत गेले. बस सुटली होती. धूळ होती तेवढी बघून आले.

घरी, दारात उतरताना म्हणाले, "त्याला लिही."

मी म्हटलं, "काय लिहू?"

"तेच. जे मी म्हटलं."

"तुमचे हात मोडलेत का? वर्षभर मी टपाल वाहिलं. आता पुरे. तुम्ही लिहा."

आज संध्याकाळी बसलेत. टेबलाशी, चष्मा लावून, माझ्या पत्राचं हे शेवटचं पान पुढे घेण्याची वाट बघत. तीन कप कॉफी झाली. आई विणकाम करतेय असं दाखवतेय, सुई कधीची थांबली आहे. मला वाचू देणार नाहीत, पाकीटसुद्धा स्वतः चिकटवणार म्हणतात. खाली जागा सोडते.

तुझी
इंकेरी


ओस्मो,

इंकेरी म्हणते मी लिहावं. मला लिहिता येत नाही, तुला माहीत आहे.

सुलोचा आकडा मी बघतो. इंकेरीचा बघतो. टीममध्ये आलेल्या प्रत्येकाचा बघत आलो. कोणावर विश्वास नाही.

गेल्या वर्षी तुझा बघितला नाही. तू आणला होतास.

बसमधून उतरताना जे बोललो ते बोलायला नको होतं.

शुक्रवारी मिडसमरचा सण. वाफेची सौना तापवणार आहे. जमलं तर ये. पुढच्या वर्षी सहावा तू, सातवा मी. तेव्हाही बघणार नाही.

बाबा